ओढ कमी का होते? : वर्कशॉपमधल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या निमित्ताने

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "व्हॅक्यूम क्लीनर नीट ओढत नसेल तर काय करावं." पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, म्हणजे रूपक म्हणून ना?" म्हटलं, नाही हो, खराखुरा व्हॅक्यूम क्लीनर. टाकीवाला, वर्कशॉपमधला, लाकडाचा भुसा ओढतो तो. पस्तीसेक वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, पण कारण शोधणं म्हणजे नेमकं काय, याचा धडा मला निवृत्तीनंतर या मशीनने दिला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो. ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांना तो उद्या सकाळी उपयोगी पडेल. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्याकडे न चालणारं दुसरं काहीतरी असेलच.

आधी हकीकत सांगतो. निवृत्तीनंतर मी सुतारकाम शिकलो. घरामागे एक छोटी शेड आहे. तिथे पुस्तकांचे स्टँड, नातवंडांसाठी खेळणी, असलं काहीबाही करत असतो. करवत आणि सँडर चालवले की धूळ फार उडते, म्हणून एक व्हॅक्यूम क्लीनर घेतला. त्याचा पाइप सँडरला जोडायचा, म्हणजे धूळ उडायच्या आत ओढली जाते. दोन वर्षं उत्तम चाललं. मग एकदा लक्षात आलं की घासताना टेबलावर पिठासारखी धूळ साचतेय. पाइपचं तोंड जमिनीवरच्या भुशाजवळ नेलं, तर भुसा नुसता हलतो, आत जात नाही.

मी काय केलं? पाइपच्या तोंडावर तळहात दाबून धरला. तळहात चांगला चिकटला! म्हणजे ओढ तर आहे. मग भुसा का उचलत नाही? आवाज ऐकला, तर मोटर नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत किंचाळत होती. मला वाटलं, बिचारं जोर लावतंय. फिल्टर काढून झटकला, परत बसवला. काही फरक नाही. मी निष्कर्ष काढला की फिल्टर निर्दोष आहे, मोटर थकली आहे. मशीन दुरुस्तीला दिलं. त्यांनी मोटरचे कार्बन बदलले, पैसे घेतले. घरी आणून लावलं, तर तेच! या सगळ्यात तीन आठवडे गेले, आणि मशीन घरी असेल-नसेल तसं माझं घासकाम चालूच होतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येणार आहे.

आता यात माझ्या चुका किती झाल्या, ते मोजू. पण त्याआधी मुळातली चूक. ती मशीनमध्ये नव्हती, माझ्या शब्दात होती. मी म्हणत होतो, "मशीन ओढतं." मशीन ओढत नाही.

ऐकायला विचित्र वाटेल, पण ही जुनी आणि मोठी गोष्ट आहे. निसर्गाला पोकळी सहन होत नाही, ही समजूत युरोपात अरिस्टॉटलच्या परंपरेत शतकानुशतकं रूढ होती. पंपाने पाणी वर का येतं? कारण पोकळी होऊ नये म्हणून पाणी धाव घेतं. पण पंप लावणाऱ्यांना एक अडचण ठाऊक होती. साधारण १० मीटरच्या वर पाणी काही केल्या येत नाही. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात याची चर्चा केली आहे. पोकळीचा तिटकारा १० मीटरपर्यंतच असतो की काय? उत्तर दिलं त्याच्या शिष्यपरंपरेतल्या टॉरिचेलीने. १६४४च्या एका पत्रात त्याने लिहिलं, त्याचा आशय असा : आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या हवेला वजन आहे. पाणी कोणी वर खेचत नाही, बाहेरची हवा ते वर ढकलते. पाण्याऐवजी पारा घेतला तर स्तंभ ७६ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, कारण पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड. पुढे १६४८ मध्ये पास्कालने आपल्या मेहुण्याकरवी पारा फ्रान्समधल्या प्वी द डोम या डोंगरावर नेववला. वर हवेचा थर कमी, म्हणून पाऱ्याची उंचीही कमी भरली. वाद बराचसा मिटला.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं. विहीर खोल असेल तर वरच्या काठावर मोटर ठेवून भागत नाही. सात-आठ मीटरच्या आत पाणी राहील, अशी ती खाली घ्यावी लागते. आणि सक्शनच्या पाइपला कुठे बारीक भोक असेल, तर शेतकरी काय म्हणतो? "पंप हवा घेतोय." मोटर कमजोर झाली असं तो आधी म्हणत नाही. आधी विचारतो, हवा कुठून घेतोय? हा प्रश्न मला सुचला नाही, कारण माझ्या डोक्यात ओढण्याची शक्ती मशीनच्या पोटात होती. शक्ती पोटात, तर दोषही पोटात! म्हणून मी थेट मोटरवर गेलो.

मग मशीन करतं तरी काय? आत मोटरवर एक पंखा असतो. तो टाकीतली हवा मागच्या बाजूने बाहेर फेकतो. टाकीत हवेचा दाब थोडा उतरतो. थोडाच, बाहेरचा दाब सुमारे १०० किलोपास्कल, आणि अशी मशीनं तो फार तर १५ ते २५ने खाली आणतात. मग बाहेरची हवा जिथून वाट मिळेल तिथून आत घुसते आणि घुसताना भुसा बरोबर घेते. म्हणजे काम करते बाहेरची हवा. मशीन फक्त तिला आत जागा करून देतं.

हे एकदा पटलं, की "ओढ कमी झाली" या वाक्याचे तीनच अर्थ उरतात. एक, हवेची वाट कुठेतरी अडली आहे. दोन, हवा आपल्याला हवी त्या तोंडाने न येता भलतीकडून येते आहे. आणि तीन, पंखाच हवा बाहेर फेकत नाही. अडथळा, गळती, मोटर. चौथं काही नाही. पण लक्षण तिन्हींचं एकच दिसतं : भुसा उचलत नाही. तर्कशास्त्रात याला आपण कारणांची अनेकता म्हणतो. एका कार्याची अनेक कारणं संभवत असतील, तर नुसत्या कार्यावरून कारणाचं अनुमान करता येत नाही. नैयायिक म्हणतील, तुमचा हेतू सव्यभिचारी आहे. साध्या मराठीत : ताप आहे म्हणून मलेरियाच, असं म्हणता येत नाही.

मग वेगळं कसं ओळखायचं? इथे माझ्या चिकटणाऱ्या तळहाताचं कोडं सोडवू. "ओढ" या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबल्या आहेत. एक म्हणजे दाबातला फरक, दुसरी म्हणजे हवेचा प्रवाह. तोंड पूर्ण बंद केलं, की दाबातला फरक सर्वांत जास्त आणि प्रवाह शून्य. तोंड मोकळं सोडलं, की प्रवाह भरपूर, फरक कमी. तळहात चिकटतो तो दाबातल्या फरकामुळे. भुसा उचलला जातो तो प्रवाहामुळे. मोठ्या कारखान्यांत लाकडाची धूळ नळातून वाहून न्यायची तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर ठेवतात. वेग उतरला की भुसा नळात बसतो, आणि बसलेला भुसा वाट आणखी अरुंद करतो.

आता समजा, पाइप मध्येच जवळजवळ बुजला आहे. बारीकशी फट उरली आहे. मी तळहात घट्ट दाबला तर काय होईल? त्या फटीतून हळूहळू का होईना, पाइपमधली हवा निघून जाईल आणि तळहात छान चिकटेल. म्हणजे अडथळ्याची परीक्षा तळहात दाबून होतच नाही! ती होते तळहात बोटभर अंतरावर धरून, वारा किती लागतो ते बघून. उलट गळती असेल, तर तळहात दाबला तरी चिकटणार नाही, कारण हवा दुसरीकडून येते आहे. मी एका प्रश्नाची परीक्षा घेतली आणि उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावलं. पेपर तपासताना अशा उत्तराला मी शून्य दिलं असतं.

आता आवाज. आवाज चढला म्हणून मी समजलो, मशीनवर ताण आहे. नेमकं उलट. वाट अडली की पंख्याकडे हलवायला हवाच कमी येते. पंख्याचं काम कमी होतं, मोटरवरचा भार उतरतो आणि ती जास्त वेगाने फिरायला लागते. चढलेला आवाज हा रिकाम्या हाताचा आवाज आहे. घरी करून बघा : चालू मशीनच्या तोंडावर क्षणभर हात ठेवा, आवाज लगेच चढतो. म्हणजे मशीन पहिल्या दिवसापासून मला ओरडून सांगत होतं की वाट अडली आहे, आणि मी त्याची कणव करत बसलो होतो.

याला एक उपाधी आहे, ती सांगायला हवी. धूर पाहून अग्नीचं अनुमान चालतं, पण अग्नी पाहून धुराचं चालत नाही. तिथे ओलं सरपण ही अट लागते, हे उदाहरण तुम्ही ऐकलेलं असेल. इथेही अट आहे. काही नव्या मशीनमध्ये मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक्सने बांधलेला असतो. तिथे आवाजाचा हा नियम चालेलच असं नाही. साध्या मशीनमध्ये मात्र ढोबळमानाने असं धरा : आवाज चढलेला असेल तर अडथळा शोधा. आवाज नेहमीसारखा, मोकळा, पण तोंडाशी ओढ नाही, तर गळती शोधा. आवाज खाली बसलेला, खरखरता, किंवा जळका वास, तर मोटरकडे वळा.

मला हे कोणी सांगितलं? आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुतारमिस्त्री आहेत. माझ्याच वयाचे. फळी कापून घ्यायला त्यांच्याकडे गेलो तेव्हा गाऱ्हाणं सांगितलं. संध्याकाळी ते स्वतःच शेडमध्ये आले. मशीन चालू करून दाराशी उभे राहिले. म्हणाले, "सर, याचा आवाज ऐकलात का?"

"ऐकतोय की तीन आठवडे."

"मग पाइप काढून बघितला?"

मी गप्प. त्यांनी मशीन बंद केलं, टाकीच्या तोंडातून पाइप उपटला, परत चालू केलं आणि तळहात तोंडापासून बोटभर लांब धरला. मग माझा हात तिथे नेला. वारा सणसणत होता. "मशीन तुमचं चांगलं आहे. रोग पाइपात आहे."

पाइप सरळ करून एका टोकाने बॅटरी मारली, दुसऱ्या टोकाला उजेड नाही. बोथट काठीने हळूच ढकललं, तर विनियरची एक बोटभर लांब पट्टी निघाली. वळणाशी आडवी अडकली होती आणि तिच्यामागे भुशाचा बोळा जमला होता. सगळं काम दोन मिनिटांचं. कार्बनचे पैसे फुकट गेले, ते वेगळंच.

मिस्त्रींनी काय केलं, त्याला नाव देऊ. त्यांनी हवेची वाट मधोमध तोडली आणि विचारलं, दोष अलीकडे की पलीकडे? एका प्रश्नात अर्धा संशय संपला. आणि पाइप असताना ओढ नाही, पाइप नसताना आहे, बाकी सारं तेच. हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जिला भेदाची पद्धत म्हटलं, ती हीच. मी ती वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली. शेडमध्ये वापरली नाही.

तुम्ही म्हणाल, फिल्टर झटकून बघितला तेव्हा तुम्हीही एकच गोष्ट बदलली होती की! बरोबर. आणि इथेच या पद्धतीची मर्यादा आहे, जी मी वर्गात पुरेशी सांगितली नाही. माझा फिल्टरही तुंबलेलाच होता, झटकला तेव्हा ओंजळभर पीठ निघालं. पण पुढे पाइप बुजलेला असताना फिल्टर साफ केला काय, न केला काय, फरक दिसणारच नव्हता. एकाच वाटेवर दोन अडथळे असतील, तर लहान अडथळा काढल्याचा परिणाम मोठा अडथळा झाकून टाकतो. "फरक पडला नाही" याचा अर्थ "तो निर्दोष" असा होत नाही. म्हणून दोन सवयी लावून घ्या. वाटेच्या शेवटी नव्हे, प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी परीक्षा घ्या. आणि एकदा सुधारलेली गोष्ट फरक दिसला नाही म्हणून पुन्हा बिघडवू नका. जुना मळका फिल्टर परत बसवला असता, तर मिस्त्रींचं निदानही अर्धवट ठरलं असतं.

आता क्रम सांगतो, लिहून घ्या. स्वस्त आणि सहज आधी, महाग आणि खोलातलं शेवटी. मशीन उघडण्याआधी प्रत्येक वेळी प्लग काढायचा.

पहिलं, टाकी रिकामी करा. भुसा फिल्टरला टेकेपर्यंत टाकी भरली असेल, तर पुढचं सगळं व्यर्थ.

दुसरं, आवाज ऐका.

तिसरं, पाइप काढून टाकीच्या तोंडाशी वारा बघा. वारा जोरदार असेल तर दोष पाइपच्या बाजूला. मग नोझल वेगळं, दांडा वेगळा, पाइप वेगळा असं करत जा. पाइपमधून उजेड दिसतो का बघा. अडकलेलं काढताना टोकदार तार घालू नका, पाइपला भोक पडेल. मशीनला हवा फुंकणारं तोंड असेल तर पाइप तिथे लावून बोळा उलटा फुंकता येतो. मात्र पाइपचं दुसरं टोक पोत्यात धरा. पाइप वाकवून भेगाही तपासा, विशेषतः टोकाच्या कडीजवळ. सरळ असताना त्या मिटलेल्या असतात.

चौथं, टाकीच्या तोंडाशीच वारा मंद असेल, तर दोष मशीनच्या बाजूला. टाकी स्वच्छ, रिकामी करून फिल्टर काढा आणि दोन-चार सेकंदच चालवून बघा. वारा वाढला तर फिल्टर तुंबला आहे. फिल्टरशिवाय भुसा मात्र ओढायचा नाही. बारीक धूळ मोटरमधून जाऊन तुमच्याच तोंडावर येईल.

पाचवं, तरीही मंदच, तर गळती बघा. झाकणाच्या क्लिपा नीट बसल्या आहेत का, कडेचं रबर जागेवर आहे का, त्याखाली एखादी ढलपी अडकली आहे का, टाकीच्या तळाला पाणी सोडायचं बूच असेल तर ते घट्ट आहे का. पाइपचं तोंड बंद करून मशीन चालवा आणि टिश्यू पेपरची बारीक पट्टी सांध्यांभोवती फिरवा. जिथे ती आत ओढली जाईल तिथे गळती. याला उदबत्ती वापरावी असं मनात येईल. धूर छान दिसतोही, पण लाकडाच्या बारीक धुळीजवळ विस्तव नेऊ नका. पाणीही ओढणाऱ्या मशीनमध्ये एक तरंगता बोंडा असतो. टाकीत पाणी भरलं की तो वर येऊन वाट बंद करतो. तो वर अडकलेला नाही ना, तेही बघा. मागचं हवा बाहेर जाण्याचं तोंड भिंतीला टेकलेलं नाही ना?

आणि सहावं, सर्वांत शेवटी, मोटर. तिथेही आधी वायर बघा. लांब, बारीक एक्स्टेंशन वायरवर मशीन चालवलं की दाब उतरतो, म्हणजे विजेचा दाब, व्होल्टेज, आणि मोटर मंदावते. भिंतीतल्या सॉकेटवर थेट लावून बघा. त्यानंतर कार्बन, त्यानंतर पंखा. हे जाणकाराकडून करून घ्या.

फिल्टरबद्दल दोन शब्द. १९०१ मध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, फुंकण्याऐवजी आत घेतली तर? त्याने उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून हवा आत ओढली, आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. सारं तत्त्व त्या रुमालात आहे. हवेला जाऊ दे, धुळीला अडव. पण अडवलेली धूळ राहणार कुठे? रुमालावरच. म्हणजे फिल्टर तुंबतो, कारण तो आपलं काम करतो आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जेम्स डायसन या डिझायनरला हीच गोष्ट खुपली. पिशवी भरण्याआधीच तिची छिद्रं बुजतात. लाकडाच्या गिरणीत हवा शंकूमध्ये गरगर फिरवून भुसा वेगळा पाडतात, ती युक्ती त्याने घरगुती मशीनमध्ये आणली. त्यासाठी ५,१२७ नमुने करावे लागले, असं तो सांगतो. त्याने मोटर मोठी केली नाही, धुळीला दुसरी जागा दिली. आपणही मशीनच्या आधी असा सायक्लोनचा डबा लावू शकतो; मोठा भुसा त्यात पडतो आणि फिल्टर कितीतरी जास्त टिकतो. फक्त त्या डब्याचं झाकण हवाबंद हवं.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. तीन आठवडे मी एमडीएफ घासत होतो आणि धूळ शेडभर उडत होती. माझ्या पत्नीला दम्याचा जुना त्रास आहे. शेड स्वयंपाकघराला लागून. त्या तीन आठवड्यांत तिचा रात्रीचा खोकला वाढला. दोनदा मध्यरात्री उठून पंप घ्यावा लागला. आम्ही दोघांनीही हवा बदलली असेल असं म्हटलं. पाइप मोकळा झाला, त्यानंतर आठवड्याभरात खोकला उतरला.

आता तुम्ही मला विचाराल, धूळ हेच कारण कशावरून? आणि मी प्रामाणिकपणे सांगेन की मला ते सिद्ध करता येणार नाही. पाऊसही त्याच सुमाराला संपला होता. औषधही डॉक्टरांनी बदललं होतं. तीन गोष्टी एकदम बदलल्या. मशीनच्या बाबतीत मी म्हणेन, एकेक परत बदलून बघू. पुन्हा पाइप बुजवू, पुन्हा धूळ उडवू आणि तिला खोकला येतो का बघू. हे कोणी करील का?

त्या संध्याकाळी मिस्त्री निघताना शेडमधल्या कपाटावरून बोट फिरवून म्हणाले, "सर, आमच्या उमेदीत हे मशीन नव्हतं. आम्हीच मशीन होतो. सगळं इथे," आणि छातीवर हात ठेवला. दोन वाक्यांमध्ये ते खोकतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत होतं, पण ऐकू आलं नव्हतं. जसा मोटरचा आवाज ऐकू आला नाही, तसाच. लाकडाची धूळ माणसात कर्करोगाला कारण होते, विशेषतः नाकाच्या पोकळीतल्या, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. त्यांच्या वर्गीकरणात ती पहिल्या गटात आहे. आणि भुशाचा ढीग दिसतो, तो यातला कमी धोक्याचा भाग. न दिसणारी बारीक धूळ तासन्‌तास हवेत राहते.

म्हणून दोन्हीकडे एकच नियम लावू नका. मशीनच्या बाबतीत चुकीच्या निष्कर्षाची किंमत म्हणजे कार्बनचे पैसे. तिथे सावकाश, एकेक पायरी, पुरावा मिळेपर्यंत थांबा. माणसाच्या श्वासाच्या बाबतीत पुरावा मिळेपर्यंत थांबण्याचीच किंमत मोठी असते. तिथे नुसता वाजवी संशय पुरे. ओढ कमी झाल्याचं दिसलं की त्या क्षणी घासकाम बंद, मग निदान. मी हे उलटं केलं. मोटरबद्दल घाईने निष्कर्ष काढला आणि खोकल्याबद्दल पुराव्याची वाट बघत बसलो.

आता मी मशीन सुरू केलं की पहिली दहा सेकंदं काही करत नाही. नुसता आवाज ऐकतो. आणि मिस्त्रींना एक चांगला मास्क नेऊन दिला. ते वापरतात की नाही, ते विचारायला उद्या जाणार आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्न : फिल्टर धुवावा का?

मशीनबरोबरच्या माहितीपत्रकात धुण्याजोगा म्हटला असेल तरच. कागदी फिल्टर धुतला की संपला. धुण्याजोगाही पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. ओलसर फिल्टरवर धुळीचा लगदा होतो आणि बुरशी येते. पाणी ओढायचं असेल तर कागदी फिल्टर काढून फोमचा लावतात. एरवी उघड्यावर, मास्क लावून, हलकेच आपटून आणि मऊ ब्रशने साफ करा. आणि फार वेळा साफ करण्याची हौस नको. कापडी फिल्टरवर धुळीचा पातळ थर असेल, तर तो बारीक धूळ उलट जास्त चांगली अडवतो. ओढ कमी झाली की मगच.

प्रश्न : घरातल्या झाडपुशीच्या व्हॅक्यूमने हा भुसा ओढला तर चालेल?

एखादवेळी चिमूटभर, ठीक. नेहमी नको. अशा बऱ्याच मशीनमध्ये आत ओढलेली हवाच मोटर थंड ठेवते. फिल्टर तुंबला की ओढ जाते आणि मोटरही तापते. प्लास्टरची धूळ तर त्याहून बारीक, ती फिल्टर पटकन बुजवते. आणि गरम राख, ग्राइंडरच्या ठिणग्या असलं काही भुशाच्या टाकीत कधीही जाऊ देऊ नका.

प्रश्न : सर, दुरुस्तीवाल्यांनी कार्बन बदलले ते तज्ज्ञ होते. मिस्त्रींचं म्हणणं खरं ठरलं. मग शब्द हे प्रमाण मानावं तरी कोणाचं?

चांगला प्रश्न. दुरुस्तीवाल्यांना दोष देत नाही. मी मशीन नेलं, पाइप घरीच ठेवला आणि सांगितलं, "मोटर बघा." त्यांनी मोटर बघितली. मी प्रश्नाच्या आतच उत्तर घालून दिलं होतं. मिस्त्रींना मी म्हटलं, "ओढत नाही." त्यांना लक्षण दिलं, त्यांनी कारण शोधलं. तेव्हा आप्त कोण, याआधी आपण त्याला काय विचारतो ते बघावं. डॉक्टरकडे जातानाही हेच करा. काय होतंय ते सांगा. काय झालंय ते त्यांना शोधू द्या.